कॉलेजांतील इंग्रजी व्याकरण

भिवंडी हें कापडाचें गांव आहे. कामवारी नदीच्या आसऱ्यानें वाढलेलें ठाणे जिल्ह्यांतील हें जुनें व्यापारी गांव आज यंत्रमागांच्या खडखडाटानें ओळखलें जातें, व तेथील मुलांच्या कानांत तो आवाज पाळण्यापासून बसलेला असतो. पण भाषेचा नाद असलेल्या माणसाला या गांवांत दुसरीही एक वीण पाहावयास मिळते. भोंवतालच्या खेड्यांतून आगरी बोली चालते. गांवांत मराठी आहे. कोकणी मुसलमानांचीं जुनीं घराणीं आहेत. उत्तर हिंदुस्थानांतून येऊन येथें स्थायिक झालेले विणकर उर्दू बोलतात. पद्मानगराच्या बाजूस पद्मशाली समाजाच्या घरांतून तेलुगु ऐकूं येते. आणि बाजारपेठेंत गुजराती व मारवाडी हिशेब चालतात. या सर्व घरांतील मुलें शेवटीं बी. एन. एन. किंवा जी. एम. मोमीन महिला महाविद्यालयासारख्या संस्थांत मुंबई विद्यापीठाच्या पदवीसाठीं येतात. त्यांपैकीं कांहीं इंग्रजी हा विषय घेतात. शेक्सपिअर व वर्ड्‌स्वर्थ वाचावयाचे अशा समजुतीनें वर्गांत येऊन बसलेल्या या विद्यार्थ्यांच्या समोर एके दिवशीं वेळापत्रकांत ‘व्याकरण’ हा शब्द येतो, आणि चेहरे उतरतात. व्याकरण तर शाळेंतच संपलें. तें पुन्हां कशासाठीं?

अशा एखाद्या वर्गाची कल्पना करावी. अध्यापक फळ्यावर एकच वाक्य लिहितात: ‘आय हॅव रेड धिस बुक लास्ट इयर.’ वाक्य बरोबर कीं चूक? अर्धा वर्ग म्हणतो, बरोबर. उरलेल्या अर्ध्यांतील ज्यांनीं शाळेंत नियम पाठ केले आहेत ते म्हणतात, चूक. ‘प्रेझेंट परफेक्ट’बरोबर ‘लास्ट इयर’ चालत नाहीं. कां चालत नाहीं? येथें मात्र सगळेच गप्प बसतात. नियम आहे म्हणून चालत नाहीं, एवढेंच उत्तर शाळेनें दिलेलें असतें. मग अध्यापक विचारतात, हेंच मराठींत सांगा. ‘हें पुस्तक मीं गेल्या वर्षीं वाचलें आहे.’ या वाक्यांत कोणाला कांहीं खटकतें काय? कोणालाच खटकत नाहीं. उर्दू घरांतील विद्यार्थी आपलें वाक्य म्हणून पाहतो. त्यांतही ‘पढ़ी है’ आणि ‘पिछले साल’ सुखानें शेजारीं नांदतात. म्हणजे ज्यांनीं फळ्यावरील वाक्य बरोबर म्हटलें ते आळशी नव्हते, अडाणीही नव्हते. ते आपल्या मातृभाषेचा नियम निष्ठेनें पाळीत होते.

कॉलेजांतील व्याकरण सुरू होतें तें या ठिकाणीं. शाळेचें व्याकरण चूक दाखवून थांबतें. कॉलेजच्या व्याकरणानें चुकीचें कूळ शोधावयाचें असतें. इंग्रजींत ‘हॅव रेड’ हें रूप नांवाला भूतकाळासारखें वाटलें तरी त्याची एक मुळी वर्तमानांत रुतलेली असते. ज्या कालखंडाविषयीं बोलावयाचें तो बोलणाऱ्याच्या क्षणापर्यंत उघडा असला पाहिजे. ‘धिस इयर’ चालतें, कारण हें वर्ष अद्याप संपलेलें नाहीं. ‘लास्ट इयर’ चालत नाहीं, कारण त्याचें दार लागलें. मराठीचें ‘वाचलें आहे’ हें त्या दाराकडे पाहतच नाहीं. वाचनाचा अनुभव पदरीं आहे, एवढें त्याला पुरतें. तो केव्हां मिळाला हें सांगावयाला आडकाठी नाहीं. गंमत अशी कीं, इंग्रजीची सख्खी चुलत बहीण जी जर्मन, तीही या बाबतींत मराठीच्या बाजूची आहे. ‘मीं त्याला काल पाहिलें आहे’ अशाच घडणीचें वाक्य जर्मन मनुष्य रोज बोलतो. तेव्हां विचित्रपणा असलाच तर तो इंग्रजीकडे आहे, भिवंडीच्या विद्यार्थ्याकडे नाहीं. अर्थात् परीक्षेंत व पत्रव्यवहारांत इंग्रजी लिहावयाची तर इंग्रजीचाच विचित्रपणा पाळला पाहिजे. परंतु कारण कळून पाळणें आणि छडीच्या भयानें पाळणें यांत अंतर आहे. छडी दूर झाली कीं दुसऱ्या प्रकारचें पाळणेंही दूर होतें, हा अनुभव प्रत्येक शिक्षकाच्या गांठीं असतो.

आपल्याकडे शाळेंतील व्याकरण आलें कोठून, हेंही कॉलेजच्या विद्यार्थ्याला ठाऊक असावें. लिंडले मरे नांवाचा एक वकील होता. जन्म पेन्सिल्व्हेनियांतला, वकिली न्यूयॉर्कमधली, आणि पुढें इंग्लंडांत यॉर्क शहराजवळ राहिलेला. तेथील मुलींच्या एका शाळेच्या गरजेसाठीं त्यानें १७९५ सालीं इंग्रजी व्याकरण लिहिलें. तें इतकें खपलें कीं समुद्र ओलांडून मुंबईस आलें. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं, वयाच्या विशीनंतर दोनच वर्षांनीं, मराठीचें व्याकरण छापून प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांच्यासमोर मरेचाच नमुना होता. संस्कृत परंपरेंत यास्कानें शब्दांचे चारच वर्ग सांगितले होते: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पुढें आपल्या शाळांतून ज्या ‘शब्दांच्या आठ जाती’ पिढ्यान्‌पिढ्या घोकल्या गेल्या, त्या इंग्रजी व्याकरणाच्या वळणानें आलेल्या आहेत. म्हणजे मराठी चौथींत शिकणारें मूल नकळत इंग्रजी व्याकरणाचा सांगाडा मराठी वस्त्रांत पाहत आलें आहे. विरामचिन्हांचीही गोष्ट तीच. स्वल्पविराम, अर्धविराम यांची शिस्त मेजर कँडी यांच्या खटपटीनें मराठींत रुजली. आज त्यांच्यावांचून मराठी वाक्य डोळ्यांना उघडें वाटतें.

मरेनंतर नेसफील्ड आला. तो उत्तरेकडील प्रांतांत शिक्षणखात्यांत होता. त्याचीं पुस्तकें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालीं आणि पुढील दोन पिढ्यांनीं तीं पाठ केलीं. त्याच्या मागोमाग विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत रेन आणि मार्टिन यांचें जाडजूड पुस्तक मुंबईच्या कूपर प्रकाशनानें काढलें. यांतील पी. सी. रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांतील अधिकारी. परंतु विलायतेंत त्याची कीर्ति व्याकरणकार म्हणून नाहीं, तर आफ्रिकेच्या वाळवंटांतील फ्रेंच पलटणीवर ‘बो जेस्ट’ ही कादंबरी १९२४ सालीं लिहिणारा लेखक म्हणून आहे. ज्या गृहस्थानें हिंदुस्थानांतील लाखो मुलांना ‘पार्सिंग’ करावयास लाविलें त्यानें स्वतः अशी साहसकथा लिहावी, हें वाचून पुष्कळ विद्यार्थ्यांना त्याच्याविषयीं प्रथमच थोडें प्रेम वाटूं लागतें. महाराष्ट्रांत यांच्या जोडीला तर्खडकरांची भाषांतरपाठमाला होती. मराठी वाक्याशेजारीं इंग्रजी वाक्य ठेवून, लहानापासून मोठ्याकडे पायरीपायरीनें जाणाऱ्या त्या पुस्तकांनीं मॅट्रिकपर्यंतचें इंग्रजी अनेक घरांत पोहोंचविलें.

या जुन्या पद्धतीला आतां हंसण्याची रीत पडली आहे. तें हंसणें योग्य नाहीं. शब्दाचें व्याकरण चालवावयाचें, वाक्याचें पृथक्करण करावयाचें, मुख्य वाक्य कोणतें, गौण कोणतें, तें कशाला जोडलें आहे हें सांगावयाचें, या कवायतीमुळें विद्यार्थ्याला वाक्याचे सांधे दिसत. कॉलेजांत वाक्याची झाडासारखी आकृति काढावयास सांगतात, तेव्हां ज्यानें शाळेंत पृथक्करण मन लावून केलें आहे त्याचा हात सहज चालतो, आणि ज्यानें केवळ रिकाम्या जागा भरल्या आहेत त्याच्या झाडाला फांद्याच फुटत नाहींत. जुन्या पद्धतीचा दोष निराळा होता. तिनें एका भाषेचीं नांवें दुसऱ्या भाषेच्या अंगावर चिकटविलीं, आणि नांव एक म्हणजे वस्तूही एक अशी समजूत करून दिली.

या दोषाचें सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे कर्मणि प्रयोग. ‘रामानें आंबा खाल्ला’ हा कर्मणि प्रयोग, कारण क्रियापद आंब्याच्या मागें जातें. कैरी आली कीं ‘खाल्ली’ होतें, फळ आलें कीं ‘खाल्लें’ होतें. इंग्रजींत ‘पॅसिव्ह व्हॉइस’ आहे. त्यालाही शाळेंत कर्मणि प्रयोग म्हणून शिकविलें. झालें! विद्यार्थी ‘रामानें आंबा खाल्ला’ याचें भाषांतर ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ असें करून मोकळा होतो, आणि नियमानें पाहिलें तर त्याला चूक म्हणावयास जागा सांपडत नाहीं. परंतु आज ‘राम आंबा खातो’ आणि काल ‘रामानें आंबा खाल्ला’ या दोन वाक्यांत बोलणाऱ्याचें लक्ष रामावरून उडून आंब्याकडे गेलें, असें थोडेंच आहे? लक्ष रामावरच आहे. सकर्मक क्रियापदाचा मराठी भूतकाळ संस्कृतांतील ‘रामेण आम्रः खादितः’ अशा रचनेंतून उतरला, म्हणून रूप कर्माच्या मागें गेलें; अर्थानें तें वाक्य इंग्रजींतील साध्या ‘राम एट द मँगो’चेंच भावंड आहे. इंग्रजी ‘पॅसिव्ह’च्या खरोखर जवळ जाणारें मराठी वाक्य म्हणजे ‘आंबा रामाकडून खाल्ला गेला’, आणि तसें घरांत कोणी बोलत नाहीं. वर्तमानपत्रांत मात्र ‘त्यास पोलिसांकडून अटक करण्यांत आली’ असें रोज छापून येतें; तें इंग्रजी बातमीचें देणें आहे.

येथें भिवंडीच्या वर्गाचा खरा उपयोग होतो. उर्दू बोलणारा विद्यार्थी म्हणतो, ‘आमच्याकडेही तसेंच, किताब असेल तर पढ़ी, अख़बार असेल तर पढ़ा.’ पण तेलुगु घरांतील मुलगी म्हणते, आमच्याकडे क्रियापद भूतकाळांतही कर्त्यामागेंच जातें. म्हणजे या एका मुद्द्यावर मराठी व उर्दू एका अंगाला आणि तेलुगु व इंग्रजी दुसऱ्या अंगाला उभ्या राहतात. मराठी विद्यार्थ्याला जें कष्टानें समजून घ्यावें लागतें तें तिला सहज येतें. एकाच बाकावर तीन मातृभाषा असलेला असा वर्ग पुण्या-मुंबईच्या मोठ्या कॉलेजांतही सहसा मिळावयाचा नाहीं. आणि तरी अशा वर्गाला ‘कच्चा वर्ग’ म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर हेंच विद्यार्थी निराळ्या रीतीनें विभागले जातात. ‘मला आठवतें’, ‘मला आवडतें’, ‘मला वाटतें’, ‘मला थंडी वाजते’ या वाक्यांत ज्याच्या मनांत किंवा अंगांत गोष्ट घडते तो कर्ता म्हणून पुढें येत नाहीं. तो ‘मला’ म्हणून बाजूस उभा राहतो, आणि भावना जणूं बाहेरून येऊन त्याला भेटते. उर्दूंत ‘मुझे’, तेलुगूंत ‘नाकु’. तिन्ही भाषांचें येथें एकमत आहे. इंग्रजी तेवढी ‘आय रिमेंबर’, ‘आय लाइक’, ‘आय फील कोल्ड’ म्हणत सगळीकडे ‘मी’ला पुढें ढकलते. यावर कोणी अहंकाराचें तत्त्वज्ञान सांगूं लागला तर त्याला थांबवावें, कारण जुनी इंग्रजी तशी नव्हती. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘मीथिंक्स’ हा शब्द वारंवार भेटतो. विद्यार्थी त्याचा अर्थ ‘आय थिंक’ असा टीपेंत वाचतात व पुढें जातात. पण तो शब्दशः ‘मला वाटतें’ असाच आहे. ‘लाइक’ या क्रियापदाचाही मूळचा अर्थ ‘आवडणें’ म्हणजे एखाद्याला रुचणें असा होता. वस्तु माणसाला रुचत असे, माणूस वस्तूला ‘लाइक’ करीत नसे. पुढें इंग्रजी नामांचे विभक्तिप्रत्यय झडले, क्रियापदाच्या आधीं येणारा तो कर्ता अशी शिस्त घट्ट झाली, आणि ‘मला’चा ‘मी’ झाला. साहित्याचा विद्यार्थी ज्याला रुक्ष म्हणून टाळूं पाहतो त्या व्याकरणानें शेक्सपिअरचा एक शब्द असा उलगडून दाखविला, म्हणजे वर्गांतील वातावरण पालटतें.

‘आर्टिकल’ हा तर मराठी विद्यार्थ्याचा जन्माचा वैरी. आपल्या भाषेंत ‘अ’ नाहीं, ‘द’ नाहीं. मग तीं कोठें घालावींत हें कसें कळावें? शाळेंत नद्यांना ‘द’ लावा, सरोवरांना लावूं नका, अशी यादी देतात. यादी खोटी नाहीं. पण मूळ गोष्ट तिच्यांत येत नाहीं. ठरलेली वस्तु आणि न ठरलेली वस्तु हा भेद मराठी माणसाला चांगला कळतो. ‘आम्हीं मुलगी पाहिली’ आणि ‘आम्हीं मुलीला पाहिलें’ हीं दोन वाक्यें कोणत्याही गृहिणीपुढें ठेवावींत. पहिल्यांत स्थळ पाहण्याचा कार्यक्रम झाला, कांदेपोहे झाले. दुसऱ्यांत ओळखीची, आधींच बोलण्यांत आलेली मुलगी कोठेंतरी नजरेस पडली. फरक केला कोणी? एका ‘ला’नें. इंग्रजी जें काम ‘द’कडून करून घेते त्यांतील कांहीं भाग मराठी सजीवांच्या बाबतींत ‘ला’कडून करून घेते. हें एकदां दाखविलें कीं विद्यार्थ्याच्या सगळ्या चुका थांबतात असें नाहीं. त्या थांबावयास वर्षें लागतात. पण ‘द’ म्हणजे साहेबाची लहर, ही समजूत जाते.

‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ याचेंही कूळ असेंच जवळ सांपडतें. ‘मला समजत नाहीं’ या वाक्यांत ‘आतां या घटकेस समजत नाहीं’ आणि ‘एकंदरींत समजत नाहीं’ हे दोन्ही अर्थ एकाच रूपांत राहतात. ‘तो येत नाहीं’ याचेंही तसेंच. इंग्रजी त्यांची फाळणी करते, आणि समजणें, जाणणें, जवळ असणें अशा स्थितिवाचक क्रियापदांना चालू काळाच्या वाऱ्याला सहसा उभें राहूं देत नाहीं. वाक्याच्या शेवटीं सर्वत्र ‘इजन्ट इट?’ जोडण्याची संवय पाहावी. तिच्या मागें आपला ‘ना?’ आणि उर्दूचा ‘है ना?’ उभा आहे. कर्ता कोणीही असो, काळ कोणताही असो, आपला ‘ना’ बदलत नाहीं. इंग्रजी शेंपूट मात्र दर वाक्यागणिक बदलावें लागतें.

येथवर इंग्रजीच्या नियमांचा मान राखला. पण सर्वच नियम सारखे मानाचे नसतात, हेंही कॉलेजांतच कळतें. पहिल्या पुरुषीं ‘शॅल’ आणि इतरत्र ‘विल’ हा नियम घोकतांना किती मुलांनीं मार खाल्ला असेल! तो नियम १६५३ सालीं जॉन वॉलिस यानें लॅटिन भाषेंत लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणांत सांगितला. हा वॉलिस ऑक्सफर्डचा गणिताचा प्राध्यापक होता. वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय ठेवूं नये, ही हरकत कवि ड्रायडन यानें १६७२ सालीं बेन जॉन्सनच्या लिहिण्यावर घेतली. त्याआधीं व त्यानंतरही इंग्रज लोक शेवटीं अव्यय ठेवून सुखानें बोलत आले आहेत. पाळले नाहींत तर वाक्यच मोडतें असे नियम, आणि पाळले नाहींत तर केवळ कोणातरी विद्वानाची भुंवई वर जाते असे नियम, यांची निवड करावयास शिकणें हा या अभ्यासांतील अत्यंत उपयुक्त भाग आहे. ‘आय हॅव रेड धिस बुक लास्ट इयर’ हें पहिल्या जातीचें. ‘आय विल गो टुमॉरो’ याला नांवें ठेवणें हें दुसऱ्या जातीचें.

ही निवड करावयाची कशाच्या आधारें? अमुक पुस्तकांत आहे म्हणून, हें शाळेचें उत्तर. ओट्टो येस्पर्सन या डॅनिश पंडितानें दुसरें उत्तर दिलें: इंग्रज प्रत्यक्ष काय लिहीत आले तें पाहून. त्याच्या इंग्रजी व्याकरणाचे सात खंड १९०९ पासून १९४९ पर्यंत निघत राहिले; शेवटचा त्याच्या मृत्यूनंतर निघाला. हा मनुष्य कोपनहेगनचा. त्याच पिढींत पाउट्स्मा नांवाच्या डच गृहस्थानेंही इंग्रजीचें प्रचंड व्याकरण लिहिलें. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाहीं त्यांनीं इंग्रजीचीं मोठालीं व्याकरणें लिहावींत यांत आश्चर्य नाहीं. ज्याला भाषा पाण्यासारखी मिळाली तो तिच्याकडे पाहत नाहीं. ज्याला ती विहिरींतून शेंदून काढावी लागली त्याला तिची खोली ठाऊक असते. पुढें रँडॉल्फ क्वर्क यांनीं १९५९ सालीं इंग्रजीच्या प्रत्यक्ष वापराची पाहणी हातीं घेतली, आणि त्यांनीं व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनीं १९८५ सालीं सतराशेंहून अधिक पानांचें सर्वसंग्राहक व्याकरण दिलें. तें पुस्तक कोणी पाठ करीत नाहीं. कोशासारखें उघडून पाहावयाचें असतें.

या कामांत महाराष्ट्राचा वाटा आहे, आणि तो आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत आहे. अमेरिकेंत ब्राउन विद्यापीठांत फ्रान्सिस व कुचेरा यांनीं १९६१ सालीं छापलेल्या मजकुरांतून दोन-दोन हजार शब्दांचे पांचशें उतारे निवडले आणि दहा लाख शब्दांचा एक संग्रह १९६४ सालीं संगणकाच्या स्वाधीन केला. बातमी, अग्रलेख, धार्मिक लेखन, शास्त्रीय निबंध, कादंबरी असे सर्व प्रकार त्यांत होते. ब्रिटिश इंग्रजीचाही तसाच संग्रह झाला. मग कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हिंदी इंग्रजीचा, म्हणजे आपल्या देशांत छापल्या जाणाऱ्या इंग्रजीचा, असाच संग्रह केला. उतारे पांचशें, शब्द दहा लाख, मजकूर १९७८ सालचा, म्हणजे स्वातंत्र्यानंतर एकतीस वर्षांनीं छापलेला. १९८६ सालीं तो तयार झाला आणि नॉर्वेंतील बर्गेन येथून जगभरच्या अभ्यासकांच्या हातीं गेला. कोल्हापूरचें नांव तेव्हांपासून युरोपांतील व्याकरणाच्या पुस्तकांतून छापून येत आहे, आणि तें चपलेमुळें अथवा गुळामुळें नव्हे!

या संग्रहानें काय साधलें? त्यापूर्वी ‘हिंदी माणूस असें असें इंग्रजी लिहितो’ असें सांगणारे पुष्कळ होते. बहुधा हंसण्यासाठीं सांगत. दोन विनोदी पत्रें आणि एक अर्ज एवढा त्यांचा पुरावा असे. आतां एखादी रचना आपल्याकडे खरोखर किती वेळां येते, ती अमेरिकेंत किंवा इंग्लंडांत किती वेळां येते, वर्तमानपत्रांत अधिक कीं कादंबरींत, हें मोजतां येऊं लागलें. मोजणी आली कीं चेष्टेला जागा कमी उरते.

तरीसुद्धां एक अवघड प्रश्न राहतोच, आणि तो भिवंडीच्या अध्यापकाला दर सहामाहीला उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांतून भेटतो. लाल शाईनें कशावर रेघ मारावी? आपल्या इंग्रजीची एक जात तयार झाली आहे हें मान्य केलें, तर मग चूक कशाला म्हणावयाचें? ‘प्रीपोन’ हा शब्द आपल्याकडील. एके काळीं त्यावर रेघ पडत असे, आज तो ऑक्सफर्डच्या कोशांतही नोंदला गेला आहे. ‘डिस्कस अबाउट’ याला मात्र अजून दारांत उभें केलें जातें. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ असें मुलाखतींत म्हणणाऱ्या मुलाचें ज्ञान कितीही असो, समोरचा माणूस मनांत एक फुली मारतो. त्या मुलाला ‘तुझीही इंग्रजी एक स्वतंत्र इंग्रजीच आहे’ असें सांगून पाठविणें ही दया नव्हे. ती त्याची फसवणूक आहे. नोकरी देणाऱ्यानें व्याकरणाचा नवा सिद्धांत वाचलेला नसतो. उलट, दर वाक्याला रेघ मारून त्याचें तोंडच बंद केलें तर तो पुन्हां इंग्रजींत वाक्य उच्चारीत नाहीं, आणि असे मुके झालेले पदवीधर आपल्याकडे थोडेथोडके नाहींत. जाणते अध्यापक यांतून एक वाट काढतात. ते रेघ मारतात, पण समासांत एका शब्दांत चुकीचें गोत्र लिहितात: ‘मराठी’, ‘उर्दू’, ‘घाई’, कधीं ‘गाइड’. शेवटचें गोत्र सर्वांत वाईट. बाजारांतील गाइडांत छापलेली चूक साठ उत्तरपत्रिकांत एकाच ठिकाणीं, एकाच स्वल्पविरामासह सांपडते, आणि तिच्या मागें कोणतीही भाषा नसते.

या मार्गानें शिकलेल्या विद्यार्थ्याला आणखी एक गोष्ट करावी लागते. ती म्हणजे आपल्या भाषेचें व्याकरण पुन्हां हातीं घेणें. मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं निघालें. हे दामले कवि केशवसुतांचे बंधु. त्यांच्या जाड ग्रंथांत शब्दांच्या जाती, प्रयोग, विभक्ति यांवर पूर्वींच्या व्याकरणकारांशीं केलेला वाद आहे, आणि तो वाद वाचतांना इंग्रजीचा विद्यार्थी पुन्हांपुन्हां थबकतो. कारण जो घोटाळा त्याला काल वर्गांत झाला त्यावर या गृहस्थांनीं शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं पानेंच्या पानें खर्च केलेलीं असतात. मराठी शाळेंतून आलेला, इंग्रजी बोलतांना अडखळणारा मुलगा या तुलनेंत पुष्कळदां इंग्रजी शाळेंतून आलेल्या मुलाच्या पुढें जातो. इंग्रजी शाळेंतल्याला बरोबर वाक्य कानानें ओळखतां येतें, पण कारण सांगतां येत नाहीं; याला कारण सांगतां येतें, कान अजून तयार व्हावयाचा असतो. दोघांनीं शेजारीं बसावें, हें बरें.

त्या वर्गांतील तास संपत आला म्हणजे अध्यापक घरचा अभ्यास सांगतात. पुस्तकांतलें कांहीं नाहीं. प्रत्येकानें गांवांतील एक इंग्रजी पाटी उतरवून आणावयाची: धामणकर नाक्यावरील दुकानाची, गोदामाच्या दारावरील सूचना, दवाखान्याची, कारखान्याची, कोणतीही. पाटीवरील वाक्य चुकलें आहे काय हें पाहावयाचें. चुकलें असेल तर तें कोणत्या भाषेच्या वाटेनें चुकलें तें लिहावयाचें. आणि ज्यानें ती पाटी लिहिली त्याला हंसावयाचें नाहीं. दुसऱ्या दिवशीं एक मुलगा घराशेजारच्या कारखान्यावरील पाटी घेऊन येतो: ‘वर्कर्स वाँटेड, कमिंग फ्रॉम बॅक साइड ओन्ली’. वर्ग हंसतो. मुलगा हंसत नाहीं. तो फळ्याशीं जातो, खडू घेतो, आणि ‘ओन्ली’ हा शब्द शेवटीं कां गेला हें सांगण्यासाठीं त्याखालीं ‘मागच्या बाजूनेंच यावें’ असें लिहून त्यांतील ‘च’भोंवतीं एक गोल काढतो.